पट्ट्यांवरचा कागद

जळोचीत आमच्या घराकडे वळण्याआधी रस्त्यावर एक गतिरोधक लागतो. तो नगरपालिकेने घातला की आजूबाजूच्या लोकांनीच मुरूम आणि डांबर टाकून केला, हे मला माहीत नाही. तो गरजेपेक्षा उंच आहे एवढं खरं. मोटारसायकल पहिल्या गिअरवर आणून, पाय जमिनीला टेकवत तो ओलांडावा लागतो. त्याच्या डाव्या हाताला एक बैठं घर आहे आणि संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास त्या घराच्या खिडकीतून पियानो ऐकू येतो. गतिरोधक नसता तर आम्हाला तो कधीच ऐकू आला नसता, कारण माझ्या गाडीचा आवाज मोठा आहे.

माझी मुलगी पहिलीत आहे. मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करतो. पाचला माझी सुटी होते, तोवर ती शाळेच्याच पाळणाघरात थांबते. घरी येताना ती पुढे टाकीवर बसते. तिची आई कळसच्या शाळेत शिक्षिका आहे, तिला घरी पोचायला साडेसहा होतात. त्यामुळे दिवसातली ती वीस मिनिटं आम्हा दोघांची असतात. त्यात फार बोलणं होतं असं नाही.

एके दिवशी गतिरोधकावर तिने विचारलं, "पप्पा, हे काय वाजतंय?"

"पेटी," मी म्हणालो. निरवांगीला, माझ्या गावी, देवळात भजनाची पेटी होती. पट्ट्यांचं तेवढं एकच वाद्य मी जवळून पाहिलं होतं.

"पेटी नाहीये. पेटीचा आवाज ओढल्यासारखा येतो. हा टपकन पडतो."

मी गाडी पुढे काढली. दुसऱ्या दिवशी लक्ष देऊन ऐकलं तर तिचं म्हणणं बरोबर होतं.

त्यानंतर गतिरोधक जवळ आला की ती आपोआप बोलायची थांबे. आठ-दहा दिवसांनी म्हणाली, "गाडी बंद करा ना." मी बंद केली. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. थोड्या वेळाने वाजणं थांबलं, एक मुलगा पिशवी घेऊन बाहेर पडला आणि त्याच्यामागे साठी ओलांडलेल्या एक बाई दारात आल्या.

"कुरिअर का?" त्यांनी विचारलं.

"नाही. ऐकत होतो," मी म्हणालो. मग ते अपुरं वाटलं म्हणून म्हणालो, "मुलगी ऐकत होती."

त्या पुण्यातल्या एका शाळेत बरीच वर्षं संगीत शिकवत होत्या. मुलाची नोकरी इथल्या एमआयडीसीत, म्हणून निवृत्त झाल्यावर बारामतीला आल्या. येताना स्वतःचा उभा पियानो टेम्पोत घालून आणला. मुलं त्यांना टीचर म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. त्यांच्याशी बोलताना मी वाक्य आधी मनात लावून घेतो. हे मी सगळ्यांशी करत नाही.

त्यांनी मुलीचा हात हातात घेतला, उलटासुलटा पाहिला, अंगठा आणि करंगळी ताणून पाहिली. मग मला अटी सांगितल्या. बुधवार आणि शनिवार, साडेपाच वाजता. पालकांनी व्हरांड्यात बसायचं, आत डोकवायचं नाही. घरी सरावाला काहीतरी पट्ट्यांचं हवंच. पियानो नको, साधा कीबोर्ड चालेल. आणि पहिला महिना बघण्याचा.

"सहा मुलं आहेत माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "अजून एका मुलाला जागा आहे. आठ तास झाले की मी सांगेन, हिला पुढे शिकवायचं की नाही. तोवर सुटी पानं देईन. पुस्तक ठेवलेल्या मुलांनाच देते. तुम्हाला वाईट वाटेल, पण नंतर वाईट वाटण्यापेक्षा बरं."

मला वाईट वाटलं नाही. उलट ही रीत ओळखीची वाटली.

आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिला. दहावीनंतर इंदापूरला अकरावी सायन्सला गेलो, तेव्हा तिथल्या सरांनी माझी गुणपत्रिका बघून सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत बस. झेपलं तर रहा, नाही तर आर्ट्सला जा." त्यांनी हे आकसाने म्हटलं नव्हतं. मला बसू दिलं, याचे उपकार मी आजही मानतो. पुस्तकं मी वरच्या वर्गातल्या एका मुलाकडून घेतली होती. दिवाळीनंतर आर्ट्सला जावं लागलं तर ती जशीच्या तशी परत करायची, असं आमचं ठरलं होतं. म्हणून मी त्या पुस्तकांना दुहेरी कव्हर घातलं. आत पेन्सिलची रेघसुद्धा ओढली नाही. पहिल्या पानावर नाव घातलं नाही. पान उलटताना बोट ओलं केलं नाही. दिवाळी झाली, मला झेपलं होतं, आणि पुढे बारावीला, बी.एस्सी.लाही माझी पुस्तकं तशीच राहिली. वर्षाच्या शेवटी ती दुसऱ्या कुणाकडे गेली की घेणारा म्हणे, ही तू वाचलीस की नाहीस? ते मला कौतुक वाटे.

ही रीत मला लाभलेली होती. म्हणून मी ती पुन्हा वापरली.

कीबोर्ड गावातल्या एका दुकानातून घेतला. तिथे पेट्या, तबले आणि शाळांच्या बँडचं सामान मिळतं. दुकानदाराला मी महिन्याची अडचण सांगितली.

"नाही जमलं तर आणा की परत," तो म्हणाला. "फक्त ओरखडा नको हां साहेब. पट्ट्या पिवळ्या पडल्या, डाग पडला, तर मी हात लावणार नाही. आणि खोका जपा. खोक्याशिवाय माल माघारी जात नाही."

मी खोका माळ्यावर ठेवला. वह्यांना घालायचं पारदर्शक प्लास्टिक मीटरवर मिळतं, ते दीड मीटर आणलं. आमच्या भागात चारी बाजूंनी बांधकामं चालू आहेत आणि बारीक धूळ बंद खिडकीतूनही आत येते. प्रयोगशाळेत मला नमुने बांधण्याची सवय आहे. कीबोर्ड मी पूर्ण मापून, कडांना चुण्या घेऊन, खालून चिकटपट्टी लावून असा बांधला की लांबून पाहणाऱ्याला वर काही आहे हे कळू नये. पट्ट्या दाबल्या जात होत्या. बटणं दिसत होती. आवाज येत होता. टीव्हीच्या रिमोटला आम्ही असंच प्लास्टिक घालतो आणि त्याने कधी काही बिघडलेलं नाही. त्यामुळे बायकोलाही त्यात वावगं दिसलं नाही. ती एवढंच म्हणाली, "बांधलंय मात्र झकास. आता हार घाला आणि नारळ फोडा."

मग मी वेळापत्रक केलं. सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी अर्धा तास. टीचरनी दिलेलं पान भिंतीला लावलं. अंगठा म्हणजे एक, करंगळी म्हणजे पाच. दोन काळ्या पट्ट्यांच्या डाव्या हाताची पांढरी पट्टी म्हणजे सी. मी मुलीच्या शेजारी खुर्ची घेऊन बसत असे. मला त्यातलं काही येत नव्हतं, पण पानावर लिहिलं आहे तसं होतंय की नाही हे बघता येत होतं. आवाज नीट आला नाही की मी म्हणे, "आला नाही. परत." ती परत वाजवी. आवाज येईपर्यंत दाबत राही.

एकदा ती म्हणाली, "पप्पा, चिकटतंय."

मी नॅपकिन आणून प्लास्टिक पुसून दिलं.

पहिले तीन तास टीचर काही बोलल्या नाहीत. चौथ्या तासाला, म्हणजे दुसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी, त्यांनी मला व्हरांड्यातून आत बोलावलं. पियानो भिंतीला लागून होता, वर घडी केलेला रुमाल आणि एक लिंबू होतं. लिंबू मुलांना हातात धरायला लावतात, म्हणजे पियानोवर हात तसा गोल राहतो.

"ऐका," त्या म्हणाल्या. आणि मुलीला, "वाजव गं."

मुलीने पाच बोटांनी पाच पट्ट्या वाजवल्या. आवाज इतका मोठा आला की मी दचकलो. शेवटच्या पट्टीला तिचा खांदा वर गेला.

"हात जड आहे," टीचर म्हणाल्या. "पट्टी पडू द्यायची असते, ही ढकलते. घरी कशावर करते?"

"कीबोर्ड घेतलाय, टीचर. नवीन आहे."

"नवीन आहे ना? पट्ट्या घट्ट नाहीत?"

"नाही. एकदम व्यवस्थित ठेवलाय," मी म्हणालो.

मी खोटं बोललो नव्हतो. मला प्लास्टिक आठवलंच नाही.

घरी आल्यावर मी सरावाचा वेळ वाढवला. संध्याकाळचा अर्धा तास होता तो पाऊण तास केला. आता मला वाटतं की तिथेच मी कुणाला तरी विचारायला हवं होतं. पण अभ्यासात कमी पडलं तर जास्त बसायचं, याशिवाय दुसरा उपाय मला कुणी शिकवलेला नव्हता. तिची बोटं दुखू लागली. ती सांगत नसे, पण जेवताना घास डाव्या हाताने घ्यायला बघे.

बायको म्हणाली, "अहो, महिना तिचा चाललाय की तुमचा?"

"तिचाच."

"मग तिला बाहेर खेळायला पाठवा आणि तुम्ही बसा वाजवत."

सहाव्या तासाला टीचरनी पुन्हा बोलावलं. या वेळी त्यांनी मुलीला वाजवायला सांगितलं नाही. तिला चप्पल घालायला बाहेर पाठवलं.

"पोरगी हुशार आहे," त्या म्हणाल्या. "कान चांगला आहे. चूक झाली की माझ्याआधी तिला कळतं. पण बोटं दमतात तिची, आणि जोर कमी होण्याऐवजी वाढतोय. या वयात हात असा बसला की मग सुटत नाही. काही मुलांना हे वाद्य नसतं हो. तबला असेल, दुसरं काही असेल. दोन तास राहिलेत. मी आज काही म्हणत नाही."

मी बरं म्हणालो. त्यांचे आभार मानले. दाराजवळ मुलगी चप्पल घालून उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं.

गाडीवर ती म्हणाली, "जड हात म्हणजे काय?"

"जोरात पडतो तो."

"मग मला काढणार?"

"बघू."

गतिरोधक ओलांडताना मी दोन्ही पाय टेकवले, तेव्हा हँडलवरचे माझे हात माझ्या नजरेला पडले. बोटांची पेरं जाड आहेत. आबांचीही तशीच आहेत. आबा म्हणजे माझे वडील. हात असे वंशात येत असतील तर टीचरची चूक नाही, मुलीचीही नाही, असं मी मनात मांडून पाहिलं. ते मांडल्याने बरं वाटलं नाही, पण शनिवारची संध्याकाळ गेली. कीबोर्ड परत करायचा तर खोका माळ्यावर होताच.

दुसऱ्या दिवशी रविवारी आबा आले. निरवांगीहून ते एसटीने येतात आणि स्टँडवरून जळोचीपर्यंत चालत येतात, रिक्षा करत नाहीत. हातात पिशवी होती आणि पिशवीत मातीच्या दोन थैल्या.

"ही एक माझ्या रानातली, ही एक तात्याची," ते म्हणाले. तात्या म्हणजे माझे चुलते.

"कुठली कुणाची, आबा? चिठ्ठी न्हाय घातली?"

"चिठ्ठी कशाला? काळी हाय ती माझी." त्यांनी दोन्ही थैल्या उघडल्या. दोन्ही काळ्याच होत्या. थोडा वेळ बघून म्हणाले, "जी चांगली निघंल ती माझी लिव. तात्याला म्हणावं, शेणखत टाक."

बायको हसत चहा टाकायला गेली. आबांनी पाय धुतले, कॉटवर बसले, आणि नात कुठंय म्हणून विचारलं. ती आतल्या खोलीत सरावाला बसली होती. रविवारी सकाळीही मी तिला बसवलं होतं. आबा उठून आत गेले, मीही मागे गेलो.

"काय चाललंय बाय?"

"आबा, माझा हात जड आहे," मुलगी म्हणाली. "मला काढणार आहेत."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी थोडक्यात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तिच्यासमोर खाली फरशीवर मांडी घातली. उजवा अंगठा पुढे केला.

"ह्यो धर. म्हशीचा सड हाय असं समज. दाब बरं. वरनं खाली."

तिने अंगठा मुठीत धरून दाबला. निरवांगीला सुट्टीत ती धार काढताना आबांशेजारी बसते, त्यामुळे तिला ते माहीत होतं. आबांनी डोळे मिटले होते. पन्नास वर्षं त्यांनी रोज दोन वेळा धार काढली आहे. कुणाच्या हाताखाली म्हैस पान्हा चोरते आणि कुणाच्या हाताखाली सोडते, हे ते माणसाचा हात हातात घेऊन सांगतात. माझ्या बाबतीत त्यांनी मी दहा वर्षांचा असतानाच सांगितलं होतं की याला धारेला बसवू नका.

"कोण म्हणतंय जड?" त्यांनी डोळे उघडले. "लोण्यावानी हाय की. बापासारखा न्हाय. वाजव बघू."

तिने वाजवलं. आबा पट्ट्यांकडे बघत नव्हते, तिच्या मनगटाकडे बघत होते. मग पुढे वाकले आणि नखाने प्लास्टिक टोकरलं.

"ह्यो कागद कसला वर?"

"धूळ बसू नये म्हणून घातलाय," मी म्हणालो.

"वाजवताना काढत न्हाय व्हय?"

"न्हाय. बांधलेला हाय."

"आरं, मी काय हातमोजं घालून धार काढतो का? तिच्या बोटाला कळावं कसं, कुठवर दाबायचं ते?" त्यांनी स्वतः एक पट्टी दाबली. आवाज आला नाही. जोरात दाबली, तेव्हा आला, आणि शेजारची पट्टीही ताणाने खाली आली. "बघ. मलाच जोर लावाया लागतुय."

मी खोलीत उभा होतो. मला सगळं एकदम कळलं असं म्हणणं बरोबर होणार नाही. आधी मुलीचं 'चिकटतंय' आठवलं. मग नॅपकिन आठवला. मग पाऊण तास.

तरी मी म्हणालो, "आबा, राहू द्या. दोन तास राहिलेत. नाही जमलं तर परत द्यायचाय दुकानात. ओरखडा पडला तर घेणार न्हाय."

"परत?" आबा म्हणाले. मुलगी आमच्या दोघांकडे बघत होती. "तिला हितं बसवलीस आणि परत द्यायची तयारी बी करून ठिवलीस?"

"तसं न्हाय. मला पण इंदापूरला दिवाळीपर्यंतच बसवलं होतं की. मी पण पुस्तकं जपून ठेवली होती."

"तू ठिवली असशील." त्यांनी गुडघ्यावर हात टेकला. "मी तू गेलास त्याच आठवड्यात तुझं सगळं काम तात्याच्या थोरल्याला दिलं. वैरण, पाणी, म्हशीचं सगळं. तात्या म्हणला, पोरगं दिवाळीला माघारी आलं तर? मी म्हणलो, आलं तर बसंल बापाच्या जिवावर खात. तिकडं त्याला जागा झाली पायजे, तर हितली मोडाय पायजे."

हे मला माहीत नव्हतं. दिवाळीला मी घरी गेलो तेव्हा गोठ्यात माझ्यासाठी काम नव्हतं, एवढं आठवतं. मला ते चुलतभावाचं मोठेपण वाटलं होतं.

आबांनी कात्री मागितली नाही. कीबोर्ड उलटा केला, खालची चिकटपट्टी नखाने सोडवली आणि प्लास्टिक एका ओढीत काढलं. ते घडी करून स्वतःच्या पिशवीत घातलं. "बियाण्याच्या डब्याला होईल." मग चहा प्यायले, आणि निघताना माळ्याकडे बोट केलं.

"त्यो लांबोडका खोका कशाचा?"

"कीबोर्डचा."

"दे. कोंबड्या बसवायच्यात अंड्यावर. दोन बसतील त्यात."

मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "द्या की काढून. एसटीत बसतोय का बघा फक्त." मी स्टुलावर चढून खोका काढून दिला. स्टँडवर त्यांना सोडताना तो खोका मागे बसलेल्या आबांनी आडवा धरला होता आणि रस्त्यातले लोक बाजूला होत होते.

बुधवारी, सातव्या तासाला, मी टीचरना सगळं सांगितलं. वाक्य मनात लावून घेतलेलं होतं, तरी मधेच अडखळलो. त्यांनी चष्मा काढला.

"पट्ट्यांवर? वाजवताना?"

"हो."

"तीन आठवडे?"

"हो, टीचर."

त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्या मुलीकडे वळल्या. "तू मला सांगितलं का नाहीस गं?"

"मला वाटलं तसंच असतं," मुलगी म्हणाली. "तुमचा उघडाय, आमचा झाकलेला."

टीचरनी चष्मा पुसून परत घातला. मग म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मी येऊन बघायला हवं होतं." आणि मला, "पण एक समजून घ्या. कागद काढला म्हणजे हात हलका झाला, असं होत नसतं. बसलेली सवय आहे. शनिवारी मी जे असेल ते सांगेन." त्या दिवशी त्यांनी तिला पियानोचं झाकण लावून नुसत्या लाकडावर बोटं ठेवायला लावली. व्हरांड्यात काहीच ऐकू येत नव्हतं. मी अर्धा तास बंद दाराकडे बघत बसलो.

त्या तीन दिवसांत मी सरावाला शेजारी बसलो नाही. वेळापत्रक भिंतीवरून काढलं नाही, पण घड्याळ लावलं नाही. गुरुवारी धूळ पट्ट्यांवर बसलेली दिसली. शुक्रवारी तिच्या बोटांचे ठसे दिसले, कारण ती आंबट-गोड गोळी खाऊन बसली होती. मी ओला रुमाल घेऊन गेलो आणि ठसे पुसले. एका पांढऱ्या पट्टीच्या कडेला बारीक ओरखडा होता. आबांच्या नखाचा की तिच्या बांगडीचा, सांगता येत नाही.

शनिवारी साडेपाचला ती आत गेली. मला संगीतातलं कळत नाही, त्यामुळे मी जे ऐकलं तेवढंच सांगतो. पहिल्या पट्टीचा आवाज मोठा आला, आधीसारखाच. दुसरीचा त्याहून कमी. मग बराच वेळ काहीच नाही. मग टीचरचा आवाज, "दाबलीस?" आणि मुलीचा, "दाबली." "मग आवाज कुठंय?" "तो आलाच नाही." ती आता इतक्या हळू दाबत होती की आवाज निघतच नव्हता. टीचर हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना ऐकलं. "ढकलू नको, आणि घाबरूही नको. मधलं कुठंतरी आहे, शोध." पुन्हा शांतता. मग एक आवाज आला, लहान पण पुरा. त्याच्यानंतर दुसरा तितकाच. तिसरा परत मोठा पडला आणि मुलगी स्वतःच "अंहं" म्हणाली.

सहा वाजता मला आत बोलावलं. टीचर कपाटापाशी उभ्या होत्या. मी हात पुढे बांधून उभा राहिलो. असा मी इंदापूरला सरांसमोर उभा राहिलो होतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही, नंतर आलं.

"हात अजून जड आहे," त्या म्हणाल्या. "चार-सहा महिने जातील. बाकीच्या मुलांच्या मागे राहील ती, हे आधीच सांगते."

मी मान हलवली.

त्यांनी कपाटातून एक पातळ पुस्तक काढलं आणि माझ्या हातात न देता मुलीसमोर ठेवलं. शेजारी पेन ठेवलं.

"पहिल्या पानावर नाव घाल. माझ्याकडे सात पुस्तकं एका पिशवीत असतात, अदलाबदल होते."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. शाळेत अजून ती पेन्सिलीने लिहिते. आधी पेन्सिलीने काढून मग गिरव, असं सांगावंसं वाटलं, ते मी सांगितलं नाही. तिने पेन घट्ट धरलं आणि जोर देऊन नाव लिहिलं. अक्षरं मोठी आल्यामुळे आडनाव ओळीत मावलं नाही, ते खाली उतरून पुस्तकाच्या छापील नावावर गेलं. टीचरनी पान उलटून मागून बोट फिरवलं. शाई नाही, पण अक्षरांचे उठाव मागे उमटले होते.

"बुधवारी," त्या म्हणाल्या, आणि दारात उभ्या असलेल्या पुढच्या मुलाला आत घेतलं.